माफी कसली? कामगाराचा कागद कामगाराच्या हाती द्या!

संयुक्त अरब अमिरातीने १ सप्टेंबर २०२४ पासून व्हिसाची मुदत संपूनही तिथे राहिलेल्या परदेशी लोकांसाठी माफी योजना लागू केली. आधी दोन महिन्यांसाठी असलेली ही योजना पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. ज्याला मायदेशी जायचे त्याने दंड न भरता जावे, त्याला पुन्हा येण्यास बंदी नाही. ज्याला राहायचे त्याने नवी नोकरी मिळवून कागदपत्रे नियमित करून घ्यावीत, अशी ही सवलत. २००७, २०१३, २०१८ सालीही तिथे अशा माफ्या झाल्या. कुवेतनेही २०१८ आणि २०२४ साली अशी संधी दिली. अशा बातमीवर ‘दिलासा’ हा मथळा ठरलेला. दिलासा आहेच, तो आम्ही नाकारत नाही. वर्षानुवर्षे पोलिसाला पाहून गल्ली बदलणाऱ्या माणसाला त्याची किंमत कळते. पण मुळात प्रश्न असा की, माफी कोणाला आणि गुन्हा कोणाचा?

आखातात कामगाराचा राहण्याचा परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. या मालकाला तिकडे ‘कफील’ म्हणतात. परवान्याचे नूतनीकरण त्याने करायचे, पैसे त्याने भरायचे. त्याने ते केले नाही, कंपनी बुडवली, तर बेकायदा कोण ठरतो? कामगार! पगार थकला म्हणून कामगार काम सोडून गेला, तर मालक ‘पळून गेला’ अशी तक्रार नोंदवतो. सौदी अरेबियात या शेऱ्याला ‘हुरूब’ म्हणतात. एका शेऱ्यात घाम गाळणारा माणूस फरार ठरतो आणि पगार बुडवणारा फिर्यादी होतो.

आता दंडाचा हिशेब पाहा. अमिरातीत मुदत उलटल्यावर दिवसाला ५० दिरहम दंड बसतो. वर्षाचे होतात १८,२५० दिरहम, म्हणजे चार लाख रुपयांच्या वर. महिना हजार दिरहम मिळवणाऱ्या मजुराचा वर्षाचा सगळा पगार १२ हजार! न खाता, न पिता, घरी एक पैसा न पाठवता राबला तरी तो या दंडातून सुटणार नाही. म्हणून तो लपून राहतो, मिळेल त्या मजुरीवर राबतो आणि घरचे बाप गेला तरी येऊ शकत नाही. ‘व्हिसा संपला तर परत का येत नाहीत?’ असे विचारणाऱ्या सुशिक्षितांनी हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे.

पासपोर्टची तीच गत. मालकाने कामगाराचा पासपोर्ट दाबून ठेवणे अमिरातीच्या नियमांनाही मान्य नाही, तरी ते सर्रास चालते. आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार तर पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. सरकारची मालमत्ता परक्या मालकाच्या कपाटात कुलूपबंद पडते आणि सरकार स्वस्थ बसते! हेच सरकार जानेवारी २०१८ मध्ये मात्र भलतेच तत्पर झाले होते. कमी शिकलेल्या, परदेशी कामाला जाताना परवानगी घ्यावी लागणाऱ्या लोकांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट देण्याचे त्याने जाहीर केले. विमानतळावर लांबूनच ओळखू यावे की हा न शिकलेला! ओरड झाली, तेव्हा महिनाअखेर तो निर्णय मागे घेतला गेला. माणसावर दुरून दिसेल अशी खूण लावण्याचा अर्थ आम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

माणूस एका मालकाशी बांधून टाकायचा ही रीतही आम्हाला नवी नाही. महार वतनाने काय केले होते? रात्री-अपरात्री हाक आली की धावायचे, घरचा कर्ता नसेल तर दुसऱ्याने जायचे, वेतनाचा पत्ता नाही आणि सोडून जाण्याची सोय नाही. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले. त्यांनी वतनदारीत दयाळू पाटील मागितला नव्हता, कामाचा मोबदला आणि सुटण्याचा हक्क मागितला होता. वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. गाव आणि आखात यांत फरक आहे हे आम्ही जाणतो. तिकडे माणूस आपल्या पायांनी जातो. पण गेल्यावर त्याचे पाय कोणाच्या ताब्यात असतात?

गेल्या काही वर्षांत तिकडचे कायदे थोडे सैल झाले. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलताना जुन्या मालकाचे संमतीपत्र लागण्याची अट काढली. अमिरातीतही २०२२ पासून नोकरी बदलणे सोपे झाले. याचे स्वागतच केले पाहिजे. पण माफीत कायदेशीर होण्यासाठीही कामगाराला नवा मालकच शोधावा लागला. म्हणजे एका दोरीतून सुटायचे ते दुसरी बांधून घ्यायला. तो मालक उद्या पळाला की हा पुन्हा बेकायदा आणि पुढच्या माफीची वाट पाहणारा. मुदत संपताना पगार थकवलेला मालक आधी जाब देईल, कामगाराचा परवाना तोपर्यंत जिवंत राहील, अशी मागणी भारत सरकारने या देशांशी बोलताना ठणकावून करायला हवी. परकीय चलन हवे, पण ते पाठवणाऱ्याचे गाऱ्हाणे नको, हे चालणार नाही.

आपल्या वस्त्यांतून गवंडी, वेल्डर, सफाई कामगार, आचारी म्हणून जाणाऱ्या तरुणांना आणि त्यांच्या आई-बापांना आम्ही सांगतो : ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे नोकरीचा करून देऊ’ म्हणणाऱ्या एजंटाला दारात उभे करू नका. व्हिजिट व्हिसाची मुदत एक-दोन महिन्यांत संपते आणि बेकायदा होण्याची सुरुवात तिथूनच होते. एजंट सरकारदरबारी नोंदलेला आहे की नाही हे ई-मायग्रेटवर तपासा. पासपोर्ट, व्हिसा आणि करारपत्राच्या नकला घरी ठेवा. माफी जाहीर झाली तर शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. दंड किंवा तिकिटाचे पैसे नसतील तर वकिलातीत जाऊन २००९ मध्ये सुरू झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत मागा. पासपोर्ट-व्हिसाच्या कामासाठी वकिलाती जे शुल्क घेतात, त्यातूनच हा निधी उभा राहतो. तो तुमचाच पैसा आहे. खिडकीसमोर मान खाली घालून मागू नका.