पीएच.डी. सोडतो की सोडायला लावतात?

कबनूरमध्ये मागाच्या खडखडाटात एम.ए. झालेल्या पोराला घरचे म्हणतात, "आता कामाला लाग." त्यांचं काय चुकलं? घर पगारावर चालतं. पण डिसेंबर २०२३ मध्ये सारथीच्या फेलोशिपवर बोलताना उपमुख्यमंत्री अजित पवारांनी, पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असं सभागृहात विचारलं. घरच्यांचा प्रश्न गरिबीचा, हा मस्तीचा!

शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेब १९१७ला लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतले. सिडनहॅममध्ये शिकवलं, पैसा साठवला, शाहू महाराजांनी हात दिला. १९२०ला परत लंडन, १९२३ला डी.एस्सी.

म्हणून आम्ही म्हणतो, नोकरी खुशाल धरा, पण संशोधन सोडू नका. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी. आहे, नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र आधी मागून घ्या. आणि पूर्णवेळ करणाऱ्यांच्या फेलोशिपसाठी आम्ही रस्त्यावर आहोतच.