16 कोटींची भीती

मार्च 2023. अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यूयॉर्क जायंट्स या क्लबच्या कचेरीत दोन खेळाडूंचे करार टेबलावर होते. एक क्वार्टरबॅक, म्हणजे संघाच्या चाली सुरू करणारा, डॅनियल जोन्स, दुसरा चेंडू घेऊन धावणारा सेक्वॉन बार्कली. दोघांनी आदल्या हंगामात संघाला प्लेऑफमध्ये नेलं होतं, तिथला एक सामना जिंकूनही दिला होता. क्लबने जोन्सला चार वर्षांचे 16 कोटी डॉलर दिले. बार्कलीला ‘फ्रँचाइझ टॅग’ लावून एका वर्षाच्या कोटीभर डॉलरवर थांबवलं, आणि पुढच्या वर्षी जाऊ दिलं. तो गेला तोही कुठे, तर जायंट्सच्याच गटातल्या फिलाडेल्फिया ईगल्सकडे. 2024 च्या हंगामात तो तिथे 2,005 यार्ड धावला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. जोन्सला जायंट्सने त्याच हंगामात, नोव्हेंबरमध्येच, मोकळं केलं होतं.

यावरून घाईघाईने काढला जाणारा निष्कर्ष ठरलेला आहे: क्वार्टरबॅकवर पैसे उधळले की संघाची वाट लागते. अमेरिकेतल्या क्रीडावाहिन्यांवर दर वसंतात हेच दळण दळलं जातं. पण ज्या ईगल्सने बार्कलीला घेऊन विजेतेपद पटकावलं, त्यांनी आपल्या जेलन हर्ट्सला जोन्सच्या करारानंतर दीड महिन्यातच पाच वर्षांचे 25 कोटी 50 लाख डॉलर दिले होते. वर्षाला 5 कोटी 10 लाख. वार्षिक सरासरीने त्या दिवशी तो या खेळातला सर्वात महाग करार होता. म्हणजे ज्यांनी जास्त दिले ते जिंकले आणि ज्यांनी कमी दिले ते बुडाले. किती दिले यावर सगळं ठरत असतं तर हे उलटं व्हायला हवं होतं.

आधी नियम समजून घेऊ. एनएफएलमध्ये, म्हणजे याच लीगमध्ये, 1994 पासून प्रत्येक क्लबच्या पगारखर्चावर कमाल मर्यादा आहे, तिला सॅलरी कॅप म्हणतात. पहिल्या वर्षी ती 3 कोटी 46 लाख डॉलर होती, 2025 मध्ये 27 कोटी 92 लाख. मालक कितीही गर्भश्रीमंत असो, या रकमेतच 53 जणांचा संघ बसवायचा. आयपीएलच्या 2025 च्या हंगामासाठीच्या लिलावातली 120 कोटी रुपयांची थैली आपल्याला ठाऊक आहेच. लखनौने त्यातले 27 कोटी एकट्या ऋषभ पंतवर लावले आणि सातवा क्रमांक मिळवला. पंजाबने आपल्या मुंबईकर श्रेयस अय्यरवर पावणेसत्तावीस कोटी लावले आणि अंतिम सामना गाठला. किंमत जवळपास तीच, फळ मात्र वेगळं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हा पेच आणखी घट्ट होतो, कारण तिथे एकाच माणसाच्या हातून जवळपास प्रत्येक चाल सुरू होते. त्यात 2011 च्या कामगार कराराने आणखी एक गाठ मारली. 2010 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिला निवडलेला क्वार्टरबॅक सॅम ब्रॅडफर्ड एकही सामना न खेळता सहा वर्षांच्या 7 कोटी 80 लाखांच्या कराराचा धनी झाला होता. पुढच्याच वर्षी त्याच जागेवर आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे जेमतेम 2 कोटी 20 लाख मिळाले. नवख्यांचे पगार कोष्टकात बांधले गेले. तेव्हापासून क्लबांना सोन्याची खाण सापडली: चांगला क्वार्टरबॅक ड्राफ्टमध्ये हाती लागला की त्याच्या स्वस्त वर्षांत उरलेला पैसा बाकीच्यांवर ओता.

सिअ‍ॅटलने हे सर्वात आधी साधलं. तिसऱ्या फेरीत घेतलेला रसेल विल्सन 2013 मध्ये सव्वापाच लाख डॉलरवर खेळत होता, आणि त्याच्या पाठीशी उभा होता त्या काळातला सर्वात कडवा बचाव. सुपर बोलमध्ये त्यांनी पेटन मॅनिंगच्या डेन्व्हरला 43-8 असं धुतलं. दहा वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोने त्याचीच पुढची आवृत्ती काढली. 2022 च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, 262 वा खेळाडू ब्रॉक पर्डी 8 लाख 70 हजारांच्या पगारावर त्यांना सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. मे 2025 मध्ये त्याचा भाव पाच वर्षांना 26 कोटी 50 लाख झाला. त्याच उन्हाळ्याच्या तोंडावर डीबो सॅम्युएल, टलानोआ हुफांगा, ड्रे ग्रीनलॉ, शार्व्हेरियस वॉर्ड अशी भक्कम माणसं एकामागून एक बाहेर पडली. पांघरूण डोक्यावर ओढलं की पाय उघडे पडणारच.

पण मग कॅन्सस सिटीचं काय? जुलै 2020 मध्ये त्यांनी पॅट्रिक महोम्सशी दहा वर्षांचा 45 कोटींचा करार केला तेव्हा अनेकांनी डोळे विस्फारले. वर्षाला सरासरी साडेचार कोटी म्हणजे त्या वर्षीच्या मर्यादेच्या सुमारे 23 टक्के. 2025 च्या मर्यादेशी ताडून पाहिलं तर तीच रक्कम 16 टक्क्यांवर येते. लांब मुदतीचा करार करून क्लबने मर्यादा वाढत जाण्यावर पैज लावली होती. 2023 मध्ये पैसे मागेपुढे करून महोम्सला चार वर्षांत 21 कोटींवर रक्कम मिळेल अशी सोय झाली, तरी पाया तोच राहिला.

खरी हिंमत मात्र मार्च 2022 मध्ये दिसली. महोम्सचा सर्वात वेगवान साथीदार टायरीक हिलला कॅन्सस सिटीने मायामीला देऊन टाकलं आणि बदल्यात ड्राफ्टमधल्या पाच जागा घेतल्या. चाहते हळहळले, प्रतिस्पर्धी खूश झाले. पुढचे दोन्ही सुपर बोल कॅन्सस सिटीने जिंकले. फेब्रुवारी 2023 चा ईगल्सविरुद्धचा 38-35 असा सामना आठवून पाहा. हर्ट्सच्या हातून निसटलेला चेंडू उचलून 36 यार्ड धावत टचडाउन केलं ते निक बोल्टनने. 2021 च्या दुसऱ्या फेरीतला गडी. 76 यार्ड धावून एक टचडाउन करणारा आयझाया पचेको सातव्या फेरीत, 251 व्या क्रमांकावर घेतलेला. चौथ्या सत्रात अगदी मोकळा उभा राहून टचडाउन झेलणारा स्काय मूर त्याच वर्षीचा नवखा. त्या हंगामात महोम्सने मर्यादेतले 17 टक्के खाल्ले होते. त्याआधी 13 टक्क्यांच्या फारसा पुढे जाऊन एकही क्वार्टरबॅक सुपर बोल जिंकला नव्हता. तो उच्चांक 1994 च्या स्टीव्ह यंगचा होता.

ईगल्सची तऱ्हा वेगळी. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. त्यांचे व्यवस्थापक हॉवी रोझमन यांनी तेही आणून दाखवलं. पगाराचा मोठा हिस्सा बोनस म्हणून आज हातात द्यायचा, पण हिशेबात तो पाच वर्षांवर पसरायचा. पाच कोटींचा बोनस दिला तर वहीत दर वर्षी एकच कोटी. त्यासाठी कराराला शेवटी खेळाडू खेळणारच नाही अशी पोकळ वर्षंही जोडता येतात. भरपूर पैसे मिळूनही हर्ट्सचा 2024 मधला वहीतला बोजा म्हणूनच हलका राहिला. उरलेल्या जागेत बार्कली आला, आणि अवघ्या 35 लाखांत झॅक बॉन आला, जो त्याच हंगामात लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. ही उधारी आहे आणि ती एक दिवस फेडावी लागतेच. पण मर्यादा दर वर्षी वाढत असेल आणि ड्राफ्टमधून कूपर डीजीनसारखी पोरं येत असतील, तर उधारी हा शहाणपणाच ठरतो.

उधारी अंगावर कशी येते तेही डेन्व्हरने दाखवलं. विल्सनला सिअ‍ॅटलहून आणून, तो एकही सामना खेळण्याआधीच, 2022 मध्ये 24 कोटींहून मोठा करार दिला. दोन हंगामांत पश्चात्ताप झाला आणि मार्च 2024 मध्ये त्याला सोडलं तेव्हा वहीत साडेआठ कोटींचा ‘डेड मनी’, म्हणजे खेळाडू गेल्यावरही मर्यादेत मोजली जाणारी रक्कम, उरला. 5 कोटी 30 लाख त्या वर्षी, बाकी पुढच्या वर्षी. एवढा दगड गळ्यात बांधून संघ तळाला जायला हवा होता. पण त्यांनी ड्राफ्टमध्ये बो निक्स हा नवखा क्वार्टरबॅक घेतला आणि त्याच हंगामात प्लेऑफ गाठली. 2015 च्या विजेतेपदानंतर पहिल्यांदाच! म्हणजे अख्खा क्वार्टरबॅकचा पगार पाण्यात जाऊनही संघ उभा राहतो, जर बाकीचे 52 जण बरे असतील.

याच्या नेमकं उलट सिनसिनाटीत घडलं. 2024 मध्ये जो बरोने 4,918 यार्ड आणि 43 टचडाउन फेकले, दोन्हींत लीगमध्ये अव्वल. संघ नऊ सामने जिंकला, आठ हरला आणि घरी बसला. वॉशिंग्टनविरुद्ध 33 गुण करून हरले, बाल्टिमोरविरुद्ध एकदा 38 आणि एकदा 34 करून हरले, पिट्सबर्गविरुद्ध 38 करूनही हरले. बचाव गळका होता. त्यावर क्लबने मार्च 2025 मध्ये काय केलं? जामार चेसला चार वर्षांचे 16 कोटी 10 लाख आणि टी हिगिन्सला 11 कोटी 50 लाख. दोघेही चेंडू झेलणारे. जिथे आधीच मुबलक होतं तिथेच आणखी भर.

‘मग क्वार्टरबॅकनेच थोडं कमी घ्यावं, टॉम ब्रेडी घ्यायचा तसं,’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. पुढच्याच चालीत गुडघा निकामी होऊ शकतो अशा धंद्यात माणसाने स्वतःची किंमत पुरेपूर वसूल करावी. संघ बांधणं ही व्यवस्थापकाची जबाबदारी आहे, खेळाडूच्या त्यागाची नव्हे.

माझ्या मते क्वार्टरबॅकचे दोन प्रकार करावेत. बाकी संघ ढेपाळला तरी जो सामना ओढून नेतो, त्याला मागेल ते द्यावं आणि लवकर द्यावं. हर्ट्सचा विक्रमी करार दोन आठवड्यांत लमार जॅक्सनने मागे टाकला. डॅलसने डॅक प्रेस्कॉटला टोलवत ठेवलं आणि सप्टेंबर 2024 मध्ये, हंगामाचा पहिला सामना काही तासांवर असताना, वर्षाला 6 कोटींचा विक्रमी भाव मोजला. संघ चांगला असेल तेव्हाच जो चांगला दिसतो तो दुसरा प्रकार; जोन्स तसा होता. त्याला पहिल्याचा भाव केवळ ‘हा गेला तर दुसरा कुठून आणायचा’ या धास्तीने दिला जातो. वासरांत लंगडी गाय शहाणी ठरते हे खरं, पण म्हणून तिला दुभत्या गाईचा भाव कुणी देत नाही. अशा वेळी हात आखडता घ्यावा, एखादा हंगाम पडता घ्यावा आणि पुन्हा ड्राफ्टकडे वळावं. चाहते शिव्या घालतील, मालक वैतागतील. ते सोसण्याचाच तर व्यवस्थापकाला पगार मिळतो.

पर्डी यातल्या कोणत्या प्रकारातला, यावर सॅन फ्रान्सिस्कोची पुढची काही वर्षं अवलंबून आहेत. कराराचा आकडा पाहून ते कळणार नाही. त्यासाठी क्लबच्या गेल्या तीन ड्राफ्टच्या याद्या काढून पाहाव्यात. दुसऱ्या फेरीपासून खालचे चार-पाच जण दर रविवारी पहिल्या अकरांत खेळत असतील, तर 26 कोटी जड नाहीत. त्यातला एकही नसेल, तर क्वार्टरबॅक फुकट खेळला तरी तो संघ जिंकणार नाही.