लग्नाच्या नोंदीबरोबर गोळी

बिलोली तालुक्यातील कोणत्याही गावी नव्या सुनेला दिवस गेले, म्हणजे ती गोष्ट प्रथम सासूच्या कानी जाते, मग यथावकाश आशाताईंच्या वहीत उतरते, आणि उपकेंद्रात नाव लागल्यावर फॉलिक आम्लाची गोळी तिच्या हाती पडते. या क्रमात कोणाची कुचराई नाही, परंतु गर्भाची घडण आपल्या दप्तरासाठी खोळंबत नाही. ज्या मज्जानलिकेतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू निर्माण व्हावयाचे, ती गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे होतात तोच, मिटून पूर्ण होते. ती वरच्या टोकाशी उघडी राहिली तर मेंदू व कवटी अपुरी राहिलेले मूल जगत नाही. खाली उघडी राहिली तर पाठीवर गाठ घेऊन आलेल्या बालकाच्या पायांतील बळ आणि मलमूत्रावरील ताबा पुष्कळदा कायमचा हरपतो. तिसऱ्या महिन्यात मिळालेली गोळी आईच्या रक्तासाठी हितकर असतेच, मात्र ही उणीव ती भरून काढू शकत नाही.

फॉलिक आम्ल या जीवनसत्त्वाचा शोध आपल्या मुंबईशी निगडित आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज वैद्यक संशोधिका तेथे आल्या, गरोदरपणी पांडुरोगाने खंगणाऱ्या गिरणीकामगार स्त्रियांचा त्यांनी अभ्यास केला, आणि यीस्टच्या अर्काने तो रोग बरा होतो हे १९३१ मध्ये जाहीर केले. त्या अर्कातील द्रव्य पुढे पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले, आणि भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत ते कृत्रिम रीतीने सिद्ध झाले. आधीचे मूल मज्जानलिकेच्या व्यंगाने ग्रस्त असलेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल दिल्यास त्याची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटते, हे १९९१ साली ब्रिटनमधील वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने निर्विवाद ठरविले. अशा मातांनी ही अधिक मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाची असते. इतर स्त्रियांना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरेसे होते, ते मात्र गर्भधारणेपूर्वी निदान महिनाभर आणि पुढे बारा आठवडे.

मेथी, अंबाडी, हरभऱ्याचा पाला खाणाऱ्या आपल्या माणसांना गोळी कशाला, असे विचारणारे भेटतात. त्यांच्या प्रश्नात तथ्य आहे, पण अंबाडी आपण उकडतो आणि आंबट पाणी पिळून टाकतो, त्याबरोबर या जीवनसत्त्वाचा बराच अंश वाहून जातो; शिवाय वैशाखात येथे हिरवा पाला मिळतो किती? पोषणयुक्त तांदळात फॉलिक आम्ल मिसळलेले असते, ते किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम. त्याने थोडा हातभार लागतो, गरज भागत नाही.

अ‍ॅनिमिया मुक्त भारत योजनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात गर्भधारणेपूर्वीपासून ही गोळी द्यावी असे लिहिलेलेच आहे, तेव्हा नव्या हुकमाची गरज नाही. प्रश्न अंमलबजावणीचा आहे, कारण जननक्षम जोडप्यांची नोंदवही आरोग्य खात्यापाशी असली, तरी गोळी हाती पडते ती गरोदरपणाची नोंद झाल्यावरच. माझे म्हणणे असे की, ग्रामपंचायतीत विवाहाची नोंद होताच तिची खबर आशाताईंना मिळावी आणि त्याच आठवड्यात त्यांनी गोळ्या त्या घरी पोहोचवाव्यात. अठरा वर्षांच्या आतील मुलींचे विवाह दप्तरात येतच नाहीत, आणि ते रोखणे हे स्वतंत्र व तितकेच निकडीचे कार्य आहे. परंतु मांडव कोणाच्या दारी पडला हे आशाताईंना ठाऊक असते, म्हणून कागद नाही या सबबीवर त्या मुलीला गोळी नाकारली जाऊ नये. नवपरिणितेच्या हाती गोळी दिसताच ती मूल न होण्याची असावी असा संशय घरात येण्याचा संभव आहे, यास्तव सासूशी आणि नवऱ्याशी आधी बोलावे. पहिल्या मुलाच्या लसीकरणाला आलेल्या मातेलाही दुसऱ्याचा विचार आहे काय, हे त्याच बैठकीत विचारता येईल. दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्यांना तर मुकादमाची गाडी सुटण्यापूर्वीच पूर्ण हंगाम पुरतील एवढ्या गोळ्या बांधून द्याव्यात, कारण एकदा ती जोडपी फडावर गेली की आपली कोणतीही वही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.