भरतीच्या दिवशी मोजलंत, तसं दर महिन्याला मोजा

मा. अपर पोलीस महासंचालक (प्रशिक्षण व खास पथके),
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,



मी बावीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. माझी धाकटी मुलगी राज्यातल्या एका पोलीस प्रशिक्षण केंद्रात नवप्रविष्ट पोलीस शिपाई म्हणून शिकते आहे. मागच्या महिन्यात ती चार दिवसांच्या सुट्टीवर आली. दारात तिला बघितलं आणि पोटात धस्स झालं. गालाची हाडं वर आली होती. चहा पाजला, आणि तशीच अंगणवाडीत नेऊन मोठ्यांच्या वजनकाट्यावर उभी केली. भरतीला गेली तेव्हा ५६ किलो होती. काटा ४९ वर थांबला.

"आई, ट्रेनिंग आहे, सगळ्यांचंच उतरतं," ती म्हणाली. थोडं उतरणारच, हे मलाही कळतं. पण मी तिची खालची पापणी ओढून बघितली, आतून पांढुरकी होती. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९ भरलं.

साहेब, माझ्या अंगणवाडीतल्या प्रत्येक लेकराचं वजन मी दर महिन्याला घेते आणि नोंदवते. एखाद्याचं घसरलं, तर वरून विचारणा होते आणि मी त्याच्या घरी जाते. सहा वर्षं पुरी होईपर्यंत सरकार त्याला असं सांभाळतं. तेच लेकरू विसाव्या वर्षी तुमच्या मैदानावर येतं, तेव्हा त्याची उंची मोजतात, मुलांची छाती फुगवून मोजतात, ८०० किंवा १६०० मीटर धावायला सेकंद मोजतात. निवड झाली की वैद्यकीय तपासणी होते. माझ्या मुलीच्या केंद्रात त्यानंतर एकदाही कुणी तिचं वजन घेतलं नाही. ज्या महिन्यांत शरीरावर सगळ्यात जास्त ताण येतो, नेमक्या त्याच महिन्यांत मोजमाप थांबतं.

पहाटे चारला उठून, नुसत्या चहावर पीटीला उतरायचं. मग परेड. नाश्त्याला पोहे किंवा उपमा, जेवायला भात, पोळ्या, बटाट्याची भाजी आणि पातळ वरण. मेसचे पैसे तिच्या पगारातून जातात, माझी तक्रार पैशांची नाही. पोटही भरतं. पण बसून काम करणाऱ्या माणसालासुद्धा वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे भरतीच्या वेळच्या वजनाप्रमाणे माझ्या मुलीला ४६ ग्रॅमच्या आसपास. दिवसभर कवायत करणाऱ्याला त्याहून जास्त लागतात. घट्ट वरणाच्या एका वाटीतून सहा-सात ग्रॅम मिळतात. वरण पातळ झालं की ही सगळी बेरीज कोसळते. भरतीची तयारी करत होती तेव्हा आमच्या घरी काही बदाम-काजू नव्हते. रात्री भिजवलेले मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, मटकीची उसळ, भाकरी, ताक आणि एक अंडं, एवढ्यावर ती ८०० मीटरला पहिल्या पाचांत आली होती.

लोहाचं तर विचारूच नका. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. आणि आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांत ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलं आहे. म्हणजे तुमच्या तुकडीत उभ्या असलेल्या कितीतरी मुली येतानाच कमी रक्त घेऊन येत असणार. त्यात जेवणावर लगेच चहा. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, हे मी गावातल्या गरोदर बायकांना रोज सांगते. जेवताना लिंबाची फोड आणि चहा तासाभराने, एवढा बदल करायला एक रुपयाचंही टेंडर काढावं लागत नाही.

आता जे लिहिणार आहे, ते मुलीने मला फोनवर कधी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर तिने बॅग उघडली आणि कपडे धुवायला काढले. पीटीचे दोन जोड, दोन्ही दमट. मोज्यांना कुबट वास. साठ मुलींमागे न्हाणीघरं चार, त्यामुळे सकाळच्या पीटीनंतर अंघोळीला नंबर लागतोच असं नाही. घामाच्या अंगावरच गणवेश चढतो. कपडे बराकीतच दोरीवर वाळत घालायचे, पावसाळ्यात ते वाळत नाहीत. रात्री ती मला आत घेऊन गेली आणि जांघेतलं गजकर्ण दाखवलं. तळहाताएवढं झालं होतं. लाजेने कुणाला दाखवलं नाही. मैत्रिणीने मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावत राहिली. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. त्याने खाज दबते आणि गजकर्ण आतून पसरत राहतं. आमच्या डॉक्टरांनी तिला कित्येक आठवड्यांचं औषध लिहून दिलं.

याहून वाईट एक गोष्ट आहे. परेडमध्ये लघवीला जाऊ का, असं विचारायला नको म्हणून या मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पाळीच्या दिवसांत तर थेंबही नाही, कारण पॅड बदलायला जागा नाही आणि वापरलेलं पॅड टाकायला झाकणाचा डबा नाही. भर उन्हात, घाम गाळत, बिनपाण्याने. माझ्या मुलीला एकदा लघवीचा संसर्ग झाला, ताप आला, तेव्हा ती फक्त "अंग दुखतंय" म्हणाली. हीच सवय घेऊन ती उद्या आषाढीच्या आणि गणपती विसर्जनाच्या बंदोबस्ताला उभी राहणार आहे.

तिला कवायत शिकवणाऱ्या उस्तादांवर माझा राग नाही. ते त्यांचं काम चोख करतात, आणि मुलगी त्यांच्याबद्दल आदराने बोलते. त्यांनाही कुणी हे शिकवलेलं नाही. कायदा, कवायत, शस्त्र यांच्या बरोबरीने अंग कसं राखायचं, पायाचे फोड कसे बघायचे, कोणती ट्यूब लावायची नाही, हे पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं. मुलींना ते बाईनेच सांगावं.

२०१४ साली मुंबईच्या भरतीत ५ किलोमीटर धावताना मुलं दगावली, त्यानंतर धावण्याचं अंतर कमी झालं. म्हणजे मनात आणलं तर खातं नियम बदलू शकतं. मी तर त्याहून फार लहान गोष्टी मागते आहे. पीटीआधी प्रत्येकाच्या हातावर एक केळं किंवा भिजवलेले शेंगदाणे. रोज एक अंडं, न खाणाऱ्यांना उसळ आणि दही. परेडच्या मधे पाण्याची आणि शौचालयाची सुट्टी, कुणी न मागता, सगळ्यांना एकदम. उन्हात कपडे वाळवायला तारा. प्रत्येक शौचालयात झाकणाचा डबा. आल्यावर रक्ताची तपासणी आणि तीन महिन्यांनी पुन्हा.

आणि एक वजनकाटा. मुलगी परत गेली आहे. जाताना बॅगेत शेंगदाण्याचे लाडू, लोहाच्या गोळ्या आणि मोज्यांचे सहा जोड दिले. पण तिच्या तुकडीतल्या सगळ्या मुलींना मी डबा देऊ शकत नाही. पुढच्या सुट्टीत ती आली की मी तिला पुन्हा काट्यावर उभी करणार आहे. त्याआधी एकदा तुम्ही करा.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
आणि एका नवप्रविष्ट पोलीस शिपायाची आई