औषधाचा लखोटा



कर्जत-खालापूरच्या वस्त्यांतून फिरताना आम्हाला घरोघरी एक गोष्ट दिसते. बरे वाटले की अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या फडताळात जातात आणि पुढे शेजारच्या मुलाला दिल्या जातात. पाच दिवसांच्या गोळ्यांना पैसे नसले तर मेडिकलमधून दोनच दिवसांच्या येतात. यात आळस कमी आणि हातावरचे पोट जास्त, हे आम्ही जाणतो. पण जंतूंना गरिबीची दयामाया नसते. अपुऱ्या औषधाने कच्चे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणातच हा इशारा दिला होता.

असे सरावलेले जंतू नाना युक्त्या करतात. काही औषधाचे तुकडे करतात, काही आत शिरलेले औषध बाहेर फेकतात, काही चिकट थराखाली दडतात. क्षयाचे जंतू तर आपल्याच पेशींत घर करतात. यावर शास्त्रज्ञांनी शोधलेली एक वाट म्हणजे नॅनो कण. मीटरचे १०० कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. अशा शंभरेक नॅनोमीटरच्या स्निग्ध गोळीत, म्हणजे लिपोसोममध्ये, औषध भरतात. उघडे कार्ड न टाकता बंद लखोटा टाकावा, तसे हे आहे. औषध वाटेत नासत नाही, जंतू दडलेल्या पेशीपर्यंत पोहोचते आणि मूत्रपिंडासारख्या अवयवांना इजा कमी होते.

हे काम केवळ परदेशात झाले असे समजू नका. लोकल पकडून आपली माणसे ज्या परळच्या केईएम रुग्णालयात जातात, तेथेच डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांसोबत अॅम्फोटेरिसिन बी हे औषध लिपोसोममध्ये घालून रुग्णांसाठी तयार केले. हे औषध बुरशीवरचे, पण तत्त्व तेच. अँटिबायोटिकच्या बाबतीत, फुप्फुसाच्या एका चिवट रोगावर श्वासावाटे घेण्याच्या लिपोसोम अॅमिकासिनला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. बाकीचे बरेचसे काम अजून प्रयोगशाळेतच आहे.

मात्र २०२१ चे दिवस आठवा. कोरोनापाठोपाठ काळी बुरशी आली. लिपोसोमचे औषध होते, पण एकेका कुपीला हजारो रुपये आणि एका रुग्णाला कुप्या अनेक. नातेवाईक चिठ्ठी घेऊन दारोदार फिरले. त्या मे महिन्यात शासनाने हा उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घेतला, तेव्हा काहींना आधार मिळाला. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत लागलेला शोध गरिबाच्या शिरेपर्यंत पोहोचायला मधे किती दारे असतात, ते तेव्हा कळले. बाबासाहेबांच्या संविधानाचे ४७ वे कलम सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानते. ते कर्तव्य मागून घेणे हे आपले काम आहे.

नवा लखोटा येईल तेव्हा येईल. तोवर हातातले औषध वाया घालवू नका. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते घेऊ नका. सर्दीपडशाला अँटिबायोटिक मागू नका. सांगितले तेवढे दिवस औषध घ्या. उरलेले दुसऱ्याला देऊ नका. क्षयाची तपासणी आणि औषधे, औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचीसुद्धा, सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. उपचार मध्येच सोडू नका. रोजंदारी बुडते म्हणून कोणी औषध सोडत असेल, तर त्याच्या घरी विहारातल्या दोघांनी जावे.

आजारी भिक्खूची स्वतःच्या हाताने शुश्रूषा करणाऱ्या तथागतांचे आपण उपासक आहोत. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात एवढा विषय जरूर घ्या.

जयभीम!