तीन महिन्यांत मधुमेह कळत नाही

एमडी मेडिसिनचा निवासी डॉक्टर तीन वर्षांत विषबाधा, हृदयविकाराचा झटका, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण असे सारे रात्री-अपरात्री हाताळून तयार होतो. पण ज्याचा रक्तदाब उतरत नाही, कारण महिनाअखेरीस गोळ्या आणायला पैसे उरत नाहीत, असा रुग्ण त्याला भेटतो तो ओपीडीच्या गर्दीत, चार मिनिटांपुरता. पुढच्या खेपेला त्या खुर्चीत दुसराच डॉक्टर असतो.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करण्याची सक्ती 2020 च्या नियमांनी आणली, हे चांगलेच झाले. मात्र एचबीएवनसी ही चाचणीच मुळी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा हिशेब सांगते. औषध बदलून ती पुन्हा करायची वेळ येते, तोवर डॉक्टर आपल्या महाविद्यालयात परतलेला असतो.

अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनच्या निवासी डॉक्टरांना प्रशिक्षणभर बाह्यरुग्ण क्लिनिक सांभाळावे लागते. तेच रुग्ण त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा येतात. (त्यातले बरेच जण अखेर अतिविशेषज्ञ होतात किंवा रुग्णालयातच राहतात, तो पैशाचा आणि प्रतिष्ठेचा वेगळा प्रश्न.) आपल्याकडेही नागरी आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दुपार, तिन्ही वर्षे, ठरलेल्या रुग्णांसाठी राखता येईल. त्या दुपारी वॉर्डात हात कमी पडतील, अशी तक्रार येईल आणि ती खरी असेल. मग प्राध्यापकांची आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांची रिकामी पदे आधी भरावीत.