सोर्स कोड आणि इन्सुलिनची ५१ अक्षरं

"अमुक प्राण्याचा जीनोम वाचला, आता सगळं कळलं" अशा थाटाची बातमी आली की माझ्यातला सॉफ्टवेअरवाला अस्वस्थ होतो. सोर्स कोड हातात आला म्हणजे प्रॉडक्शनवर काय चाललंय ते कळलं, असं आपण कधी म्हणतो का? प्रथिनांचंही तसंच आहे.

इन्सुलिनचंच घ्या. केंब्रिजमध्ये फ्रेडरिक सँगरने गायीच्या इन्सुलिनमधला अमिनो आम्लांचा क्रम शोधला, तेव्हा डीएनए वाचायची सोय कुणाकडेच नव्हती. पद्धत म्हणजे अस्सल डिबगिंग! साखळीच्या टोकाला पिवळा रंग देणारं रसायन चिकटवायचं, आम्लाने किंवा एन्झाइमने तिचे तुकडे करायचे, ते कागदावर वेगळे करायचे आणि कुठला तुकडा कुठल्यावर चढतोय ते बघून मूळ क्रम जुळवायचा. ३० आम्लांची साखळी १९५१ मध्ये, २१ ची १९५३ मध्ये आणि त्यांना जोडणारे गंधकाचे पूल १९५५ मध्ये. या कामाबद्दल १९५८ चं रसायनशास्त्राचं नोबेल.

मग डुक्कर, मेंढी, घोडा असं करत १९६० मध्ये माणसाचंही इन्सुलिन वाचून झालं. डुकराचं आपल्यापेक्षा एकाच जागी वेगळं, गायीचं तीन जागी. फरक एवढुसा, म्हणून तर मधुमेहाचे रुग्ण कित्येक दशकं जनावरांच्या इन्सुलिनवर जगू शकले.

आता कोणी म्हणेल, "अरे, आज डीएनएवरून हे दोन मिनिटांत निघतं." निघतं का? माणसाच्या जनुकावरून ११० आम्लांची साखळी निघते. शरीर तिची सुरुवातीची २४ आम्लं छाटतं, मधला तुकडा कापून काढतं, तेव्हा कुठे कामाची ५१ उरतात. कुठे कापलं जाईल, कुठले पूल बांधले जातील, याचा अंदाज आज बऱ्यापैकी बांधता येतो. पण अंदाज तो अंदाज. खात्री हवी असेल तर प्रथिन स्वतःच तपासायला लागतं, आजच्या भाषेत मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये घालायला लागतं.

डेटाबेसांतले आजचे बहुतांश क्रम मात्र डीएनएवरून भाषांतर केलेले आहेत. त्यात गैर काहीच नाही, फक्त ते विसरू नये. युनिप्रॉटमध्ये प्रत्येक नोंदीला १ ते ५ अशी पातळी दिलेली असते. १ म्हणजे प्रथिन प्रत्यक्ष सापडल्याचा पुरावा, ४ म्हणजे नुसतं भाकीत. आणि १ दिसला तरी प्रत्येक अक्षर तपासलंय असं नाही. माझं म्हणणं एवढंच, की या डेटावर मॉडेल चढवणाऱ्या आपल्यासारख्यांनी आधी तो आकडा बघावा. भाकितावर भाकीत रचलं, की चूक पायातच राहते आणि वरचे मजले मात्र छान दिसतात. औषध कुणाच्या तरी दंडात टोचलं जाणार असेल, तर हे परवडणारं नाही.

असो. टेस्ट न करता रिलीज करू नये, हे आपल्याला वेगळं सांगायला नको!